लॅब्रॅडोर कुत्र्याच्या किडन्या बंद पडल्यात म्हणतात, डायलिसिससाठी कोल्हापूरहून पुण्याला न्यावं का?

रंकाळाकाठ · बुधवार, रात्री ११:२०

नमस्कार. घाईत टाईप करतोय, चुका असतील तर सांभाळून घ्या. आमचा बंड्या, लॅब आहे, साडेपाच वर्षांचा, वजन २८ किलो. शनिवारी रात्री दोनदा उलटी केली, आम्ही म्हटलं खाल्लं असंल काहीतरी, दिसेल ते तोंडात घालायची सवयच आहे त्याला. रविवारी सकाळी दूध-भाकरी समोर ठेवली तर वास घेतला आणि मान फिरवली. कुकरची शिट्टी झाली की ओट्याजवळ येऊन बसणारं कुत्रं ते, त्यानं मान फिरवली म्हटल्यावर आईला तेव्हाच काय ते कळलं. रविवारी दवाखाना बंद, सोमवारी नेलं, रक्त तपासलं, क्रिएटिनीन (किडनीनं साफ न केलेली रक्तातली घाण दाखवणारा आकडा) ८.९. तेव्हापासून सकाळ-संध्याकाळ सलाईन आणि इंजेक्शनं चालू आहेत तरी आज परत बघितलं तर १०.६ आणि पोटॅशियम ६.७. लघवी जवळजवळ बंदच, काल आख्ख्या दिवसात एकदा झाली ती पण चहाच्या कपाएवढी. आणि खाईना पिईना तरी वजन आज ३०.४ भरलं, मागच्या पंजावर बोट दाबलं की खड्डा पडतोय आणि हळूहळू भरतोय.

आमचे डॉक्टर स्पष्ट बोलले, आता नुसत्या सलाईननं होण्यातलं नाही, डायलिसिस लागेल, माझ्याकडं ती सोय नाही, पुण्याला न्या आणि न्यायचं तर उद्याच न्या. घरात दोन मतं आहेत. भाऊ म्हणतो मुक्या जनावराचे हाल कशाला, चार दिवस शांत राहू दे. बाबा काहीच बोलत नाहीत, काल रात्री हॉलमधे त्याच्याशेजारी चटई टाकून झोपले. मला एवढंच कळायला पाहिजे की डायलिसिस करून कुत्रं खरंच बरं होतं का नुसतं आठ दिवस ढकलतात. कुणी केलंय का?

बावडेकर · बुधवार, रात्री ११:३८

भावा आधी दोन गोष्टी सांग. लेप्टोची (उंदराच्या लघवीतनं पसरणारा आजार) लस शेवटची कधी झालीय? आणि गेल्या आठवड्यात काय वेगळं खाल्लं का, द्राक्षं, बेदाणे, चिंच, माणसाची दुखण्याची गोळी, काहीही? आणि त्याची लघवी-उलटी पुसताना हातात ग्लोव्हज घाल, लेप्टो असला तर माणसाला पण होतो. घरात लहान मूल असलं तर लांब ठेव.

रंकाळाकाठ · गुरुवार, रात्री १२:०५

लस दोन वर्षं राहिलीय, चूक आमचीच. पण तुम्ही बेदाणे म्हटल्यावर मी उठून खालचं कपाट उघडलं. मामी तासगावच्या आहेत, गेल्या आठवड्यात आल्या तेव्हा दोन किलो बेदाणे आणलेले. डबा भरून उरलेली पिशवी खाली ठेवलेली, ती कोपऱ्यातनं फाडलीय आणि अर्ध्याच्या वर रिकामी आहे. आईनं परवाच बघितली होती, तिला वाटलं उंदरानं फाडली. आणि आता आठवतंय, शनिवारच्या उलटीत तपकिरी फुगलेलं काहीतरी होतं, पायपुसणं मीच धुतलं, तेव्हा डोक्यातच आलं नाही. हात थरथरायला लागलेत माझे. कुणाला तरी माहिती असेल तर प्लीज लिहा.

गोठा ते क्लिनिक · गुरुवार, रात्री १२:५०

मी पशुवैद्य आहे, सांगली भागात प्रॅक्टिस करतो. बेदाण्याच्या पट्ट्यात असल्यामुळं अशा केसेस बघितल्यात म्हणून लिहितोय. तपासल्याशिवाय औषध सांगणार नाही, पण तुमच्या डॉक्टरांशी काय बोलायचं ते सांगतो.

पहिली गोष्ट म्हणजे स्वतःला दोष देत बसू नका, आपल्याकडं शिकल्यासवरल्या माणसांना पण हे माहीत नसतं. द्राक्षं-बेदाण्यानं कुत्र्याच्या किडन्या बंद पडतात हे बरीच वर्षं माहीत होतं पण नेमकं कशामुळं ते कळत नव्हतं. २०२१ मधे अमेरिकेतल्या विषबाधा केंद्राच्या डॉक्टरांनी टार्टारिक अ‍ॅसिडकडं बोट दाखवलं, ते चिंचेत पण असतं, म्हणून बावडेकरांनी चिंच विचारली ते बरोबर आहे. किती खाल्ल्यावर होईल याचा काही नेम नसतो, एखादं कुत्रं मूठभर खाऊन ठणठणीत राहतं आणि एखादं थोडक्यात आडवं होतं. खाल्ल्या खाल्ल्या दोनेक तासात आणलं असतं तर उलटी करवता आली असती. ती वेळ गेली, आता पुढचं बघू.

डायलिसिसचा उपयोग होईल का याचं उत्तर एका प्रश्नावर आहे: किडनी अचानक बंद पडलीय का वर्षानुवर्षं झिजत आलीय. झिजलेली किडनी परत येत नाही, तिथं डायलिसिस म्हणजे आठवड्यातनं दोन-तीनदा कायमचं, आणि कुत्र्या-मांजरात ते निभत नाही. पण अचानक मार बसलेली किडनी दोन ते चार आठवड्यात सावरू शकते. अडचण अशी की तेवढे दिवस जनावर जगायला पाहिजे, तोपर्यंत रक्तातली घाण आणि पोटॅशियम काढायचं काम मशीन करतं. मशीन किडनी बरी करत नाही, किडनीला वेळ मिळवून देतं. तुमचं कुत्रं साडेपाच वर्षांचं, आठ दिवसापूर्वी धडधाकट, बेदाण्याची पिशवी फाटलेली. सोनोग्राफी झाली असेल तर किडन्यांचा आकार विचारा, नॉर्मल किंवा थोड्या सुजलेल्या असतील तर अचानकच्या बाजूनं, लहान आणि खडबडीत असतील तर जुनं दुखणं. मला तरी पहिलंच वाटतंय.

आता वजनाचं. २८ चं ३०.४ झालं ही चांगली वाढ नाही, ते सलाईनचं पाणी आहे जे बाहेर पडत नाहीये. २८ किलोच्या कुत्र्याला तासाला २८ ते ५६ मिली लघवी व्हायला पाहिजे, म्हणजे दिवसाला साधारण पावणेसातशे ते साडेतेराशे मिली. कपभर म्हणजे किडनी बंदच. अशात आणखी सलाईन ओतलं तर ते फुफ्फुसात जातं. झोपेत श्वास मोजा, मिनिटाला ३० च्या वर जात असेल तर आत्ता डॉक्टरांना उठवा. पोटॅशियम ६.७ हृदयाला धोक्याचं आहे, निघायच्या आधी त्याच्यावर उपचार करून आणि हृदयाचे ठोके बघूनच निघा.

आणि हे डॉक्टरांना नक्की सांगा: आता रक्त पायाच्या शिरेतनंच घ्या, मानेच्या शिरेला हात लावू नका. डायलिसिसचा कॅथेटर मानेच्या मोठ्या शिरेत बसतो, तिथं टोचून गाठ झाली असेल तर पुण्यात अडचण येते.

लेप्टो पण धरून चला. घरात उंदीर आहेत, लस नाही. बेदाणे सापडले म्हणून लेप्टो नसेलच असं नाही, त्याचं अँटिबायोटिक रिपोर्टची वाट न बघता चालू करतात. लेप्टोनं बंद पडलेली किडनी वेळेत डायलिसिस मिळालं तर बऱ्याचदा परत येते. बेदाण्यात लघवी पूर्ण बंद झालेली केस अवघड असते हे लपवत नाही. पण अवघड आहे, संपलेलं नाही.

परतीचा बोर्ड · गुरुवार, पहाटे ५:४०

आत्ताच वाचलं, लगेच लिहितो. मी उचगावचा. २०२१ च्या पुरानंतर आमच्या राणीला लेप्टो झाला होता, गावठीच आहे, १९ किलो. पाणी ओसरल्यावर अंगणातला चिखल काढताना ती आमच्या मागं मागं फिरत होती, आठ-दहा दिवसांनी डोळे पिवळे. क्रिएटिनीन ११ च्या वर गेलेलं. आम्ही पुण्याला नेलं, चार डायलिसिस झाली, आज ती दारात बसून दूधवाल्यावर भुंकती. म्हणून सांगतो, जावा. पण कसं जायचं ते ऐका.

निघायच्या आधी फोन करा, "येऊ का" विचारू नका, "आज मशीन रिकामं आहे का, चालवणारे डॉक्टर आज आहेत का, २८ किलोच्या कुत्र्यासाठी कॅथेटर आहे का" असं विचारा. आम्ही पहिल्या ठिकाणी न विचारता गेलो तर मशीन होतं आणि चालवणारे डॉक्टर गावाला गेलेले, तिथं चार तास गेले आमचे. मशीन चालू असलेली ठिकाणं आपल्याकडं थोडीच आहेत. चेन्नईच्या मद्रास व्हेटर्नरी कॉलेजात आणि लुधियानाच्या पशुवैद्यकीय विद्यापीठात युनिट आहे असं आम्हाला तेव्हा सांगितलं होतं, पण एवढा प्रवास त्या अवस्थेत जमणारा नव्हता. सगळे रिपोर्ट फोनमधे फोटो काढून आधीच पाठवा. खर्च पण फोनवरच विचारा, कॅथेटर वेगळा, फिल्टर वेगळा, रोजच्या तपासण्या वेगळ्या, राहण्याचे वेगळे असं बिल येतं. आमचा सगळा मिळून एक जुनी गाडी आली असती एवढा गेला, तयारी ठेवून जावा.

तावडे हॉटेलपासनं पुणे पाच तास धरा, कामं चालू असली तर जास्त. मागच्या सीटवर फळी टाकून वर गादी टाका, मान सरळ राहू दे. दिवसा जात असला तर वाटेत शिरवळला सरकारी पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, हे डोक्यात असू दे. पाणी बळं पाजू नका.

तिथं काय होतं ते सांगतो म्हणजे भीती वाटणार नाही. मानेची एक बाजू भादरली, हलकी भूल देऊन दोन तोंडांची नळी बसवली, वरनं पट्टी. एका नळीतनं रक्त जातं, वीतभर लांबीच्या फिल्टरमधनं फिरतं आणि दुसऱ्या नळीनं परत येतं. मी हात लावला होता त्या नळीला, कोमट लागती. राणी पूर्ण वेळ माझ्या मांडीवर डोकं ठेवून पडलेली, मधेच घोरत पण होती. पहिलं सेशन मुद्दाम छोटं आणि हळू केलं, मला वाटलं एवढे पैसे घेऊन अर्धवट का करतायत, तर डॉक्टर म्हणाले यूरिया एकदम खाली आणला तर मेंदूला सूज येते, फिट येऊ शकते. म्हणून पहिल्यांदा थोडं, मग वाढवत नेतात. तिसऱ्या सेशननंतर लघवी सुरू झाली आणि मग थांबंचना, बादल्या बादल्या. ते पण नॉर्मल असतं, तेव्हा पाणी आणि मीठ कमी पडू द्यायचं नाही.

मंगळवार पेठेतले सर · गुरुवार, सकाळी ७:१५

आपल्या भावासाठी लिहितो आहे. मी निवृत्त शिक्षक. चार वर्षं झाली, मी स्वतः आठवड्यातून दोन वेळा डायलिसिसवर आहे. हाल हा शब्द त्यांनी प्रेमापोटी वापरला आहे हे समजतं, पण खरं काय ते सांगतो. टोचताना दुखतं, मग नाही. कधी थंडी वाजते, कधी पायात गोळे येतात, घरी आल्यावर अंग गळून जातं. पण डायलिसिस चुकलं की जे होतं, मळमळ, तोंडाला घाण चव, अंगाला खाज, जिन्याच्या चार पायऱ्या चढता न येणं, ते याहून फार वाईट असतं. तुमचा बंड्या आत्ता त्यातून जातो आहे, तो मान फिरवतो ती त्या चवीमुळे. काही न करता घरी ठेवलं म्हणजे तो शांत राहील असं समजू नये. नेणार नसाल तर ती वेदना कशी कमी करायची, की सोडवायचं, हे तरी डॉक्टरांना त्याच दिवशी विचारलं पाहिजे.

शिवाय कुत्र्याला कसलं डायलिसिस असं कोणी म्हटलं की मला वाईट वाटतं. १९१३ साली अमेरिकेत जॉन एबल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कृत्रिम किडनी पहिल्यांदा चालवली ती कुत्र्यांवरच, रक्त गोठू नये म्हणून जळवांमधून काढलेला द्रव वापरून. माणसांसाठीचं विलेम कोल्फ यांचं यंत्र हॉलंडमध्ये आलं ते १९४३ मध्ये. मी ज्या खुर्चीवर आठवड्यातून दोनदा बसतो तिथवरचा रस्ता त्या मुक्या जिवांवरून आलेला आहे.

माझ्या स्वतःच्या कुत्रीच्या किडन्या चौदाव्या वर्षी झिजून गेल्या, तिला मी डायलिसिसला नेलं नाही, कारण तिच्याकडे परत यायला काही उरलं नव्हतं. तुमच्याकडे उरलेलं असू शकतं.

फुलेवाडीची ताई · गुरुवार, सकाळी ९:३०

दादा तुमच्या बंड्यासाठी अंबाबाईला हात जोडले. याच धाग्यात विचारते, रागवू नका. माझी मांजर मनी ११ वर्षांची आहे, गेले काही महिने सारखी पाणी पिते, बाथरूममधल्या बादलीत तोंड घालून पिते, वजन पण उतरलंय. काल क्रिएटिनीन ३.६ आलं. तिला पण डायलिसिस लागेल का? मला रात्रभर झोप नाही.

तीन मांजरांची आई · गुरुवार, सकाळी १०:१०

ताई, श्वास घ्या आधी. तुमच्या मनीचं आणि बंड्याचं दुखणं वेगळं आहे. तुमचं सावकाश झिजणारं दिसतंय, मांजरांत उतारवयात लई कॉमन आहे. आमच्या गुंडीला ३.४ आलेलं, त्यानंतर दोन वर्षं दोन महिने जगली आणि त्यातले बहुतेक दिवस खिडकीत ऊन खात. ३.६ म्हणजे या दुखण्याच्या चार पायऱ्यांतली तिसरी, ५ च्या वर गेलं की चौथी. पण नुसत्या क्रिएटिनीनवर जाऊ नका, ते वाढेपर्यंत किडनीचं पाऊण काम गेलेलं असतं आणि अंगावरचं मांस उतरलं की आकडा खोटा कमी पण दिसतो. लघवीतलं प्रोटीन, फॉस्फरस, पोटॅशियम आणि बीपी बघायला सांगा. बीपी तर नक्की. आमची गुंडी एका सकाळी सोफ्याच्या पायाला धडकली, डोळ्याच्या बाहुल्या मोठ्या झालेल्या, बीपीनं डोळ्याचा पडदा सुटला होता. बीपीची गोळी आधी चालू असती तर एक डोळा गेला नसता तिचा.

आम्ही घरी सलाईन द्यायचो, कातडीखाली. ऐकायला भयंकर वाटतं, मी पहिल्या दिवशी रडले होते. आरएलची (एक प्रकारचं सलाईन) बाटली कोमट पाण्यात ठेवायची, खिडकीच्या गजाला अडकवायची, मनीला भाजीच्या क्रेटमधे टॉवेलवर बसवायचं, दोन खांद्यांच्या मधली कातडी तंबूसारखी उचलायची आणि सुई आत. १०० मिली जायला पाच-सात मिनिटं. पाठीवर उंटासारखा उंचवटा येतो, कधी तो एका पायाकडं लोंबतो, काही तासात जिरतो. किती आणि कितीदा ते तुमच्या डॉक्टरांनी ठरवायचं, हृदय कमजोर असलं तर हेच सलाईन घात करतं.

खाण्यात फॉस्फरस कमी करणं सगळ्यात महत्त्वाचं. सुकट बंद, बोंबील बंद, कलेजी बंद, दूध बंद. सुकटीसाठी ती डब्याशी जाऊन ओरडायची, जीव तुटायचा पण नाही दिली. किडनीचं वेगळं खाणं मिळतं ते एकदम बदलू नका, जुन्यात चमचा चमचा मिसळत पंधरा-वीस दिवस घ्या. आणि खायचंच सोडलं तर मात्र जे खाईल ते द्या, मांजर उपाशी राहिलं तर लिव्हर जातं. मळमळीचं आणि भुकेचं औषध मागून घ्या, कितीतरी लोकांना माहीतच नसतं की तशी औषधं आहेत.

अजून एक, घरात बुकेतली मोठी लिलीची फुलं आणू नका, तिचा पराग अंगावर पडून चाटला तरी मांजराच्या किडन्या बंद पडतात. आणि ज्यांच्याकडं बोका आहे त्यांनी, तो सारखा ट्रेमधे बसतोय आणि थेंब पडत नाहीये तर पोट साफ होत नसेल म्हणून एरंडेल देत बसू नका, लघवी तुंबलेली असते, त्याच दिवशी नेला नाही तर जातो.

गोठा ते क्लिनिक · गुरुवार, दुपारी १:२०

वरच्या ताईंनी बरोबर लिहिलंय. मांजराच्या डायलिसिसबद्दल एवढंच, चार किलोच्या मांजरात रक्तच पाव लिटरच्या आसपास असतं, त्यातलं बरंचसं नळ्या आणि फिल्टरमधे गेलं तर बीपी कोसळतं, म्हणून अगदी छोट्या बाळांचा फिल्टर लागतो. पोटात द्रव सोडून काढायची दुसरी पद्धत आहे, तिला मशीन लागत नाही पण दर एक-दोन तासांनी माणूस लागतो आणि नळी तुंबणं, पोटात इन्फेक्शन होणं हे चालतंच. तिचाही उपयोग अचानक बंद पडलेल्या किडनीलाच.

रंकाळाकाठ, निघालात का?

रंकाळाकाठ · गुरुवार, रात्री ९:५५

पुण्यात आहे. सकाळी डॉक्टरांना बेदाण्याचं सांगितलं, त्यांनी सलाईन थांबवलं, पोटॅशियमवर उपचाराचं इंजेक्शन दिलं, ठोके बघितले, पुण्यातल्या डॉक्टरांशी स्वतः फोनवर बोलले आणि साडेनऊला निघालो. गाडी भावानं चालवली. सरांची पोस्ट मी त्याला वाचून दाखवली होती, काही बोलला नाही, उठून गाडीत गादी टाकली. सोनोग्राफीत किडन्या थोड्या मोठ्या आल्यात, आकार चांगला आहे म्हणाले. संध्याकाळी पहिलं डायलिसिस झालं, दोनच तासाचं. नळी खरंच कोमट लागते.

रंकाळाकाठ · सोमवार, सकाळी ८:४०

तीन झाली. दुसऱ्याच्या वेळी बीपी खाली गेलं म्हणून मधे थांबवायला लागलं, ती रात्र वाईट होती, बाबा कॉरिडॉरमधे बसून होते. लेप्टोचा रिपोर्ट निगेटिव्ह आला तरी अँटिबायोटिक पूर्ण करा म्हणालेत. शनिवारपर्यंत लघवी शून्य. काल दुपारी गादी ओली दिसली, आम्हाला वाटलं सलाईनची नळी गळली, नर्सताईंनी वास घेतला आणि हसल्या. आज पहाटे मापात धरली, ११० मिली. बाबांनी त्या मापाचा फोटो मामींना पाठवला, त्या तिकडं चार दिवस रडत होत्या. क्रिएटिनीन आज ५.८ आहे पण ते मशीननं उतरवलंय, किडनीचं स्वतःचं किती ते दोन दिवस मशीन न लावता बघणार आहेत. परत चढलं तर चौथं. अजून खात नाही, नाकातनं नळीनं देतायत, पण मी डबा उघडला की कान हलतो.

एक काम होतं. उद्या कोल्हापूरहून पुण्याला कुणी गाडीनं येणार असेल तर सांगा. आईनं त्याची जुनी गोधडी धुऊन ठेवलीय, इथल्या गादीवर तो नीट झोपंना. संध्यामठाजवळ आमच्या घरातनं घ्यायची आहे.

परतीचा बोर्ड · सोमवार, सकाळी ८:५२

मी येतोय उद्या, मला तसंपण काम आहे. पहाटे सहाला घेतो, आईंना सांगून ठेव.